‘हिफ्ज करायचं तर बारा वर्षांच्या आत’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

ईदचा शीरखुर्मा संपत नाही तोवर परभणीतल्या आमच्या ग्रुपांवर एक मेसेज येऊन पडतो. कधी उर्दूत, कधी मराठीत, खाली ‘सवाब (पुण्य) की नियत से आगे भेजें’. त्यात पाच गोष्टी ठासून सांगितलेल्या असतात. वयाची बारा वर्षं उलटली की कुरआन पाठ होत नाही. शाळा किंवा नोकरी चालू ठेवून हिफ्ज, म्हणजे अख्खा कुरआन तोंडपाठ करणं, होत नाही. पाठ करताना अर्थाच्या नादी लागू नये, गोंधळ उडतो. बायकांनी या वाटेला जाऊ नये. आणि पाठ केलेलं विसरणं हे सगळ्यात मोठं पाप, तेव्हा खात्री नसेल तर सुरूच करू नये.

लिहिणाऱ्याची नियत वाईट नसावी. पण मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजनंतर मोहल्ल्यातल्या बायकांच्या हलक्यात (कुरआन शिकायच्या बैठकीत) बसते, आणि हा मेसेज वाचून हात आखडता घेतलेल्या बायका मला माहीत आहेत. म्हणून एकेक मुद्दा घेते.

वयाचा मुद्दा आधी, कारण बाकीचे सगळे त्याच्याच आधारानं उभे आहेत. कुरआन उतरायला सुमारे 23 वर्षं लागली, आणि तो ज्यांनी पहिल्यांदा छातीत साठवला ते बहुतेक साहाबा (प्रेषितांचे साथी) मोठेपणी मुसलमान झालेले, संसार आणि धंदापाणी असलेले लोक होते. बारा वर्षांची अट असती तर पहिली पिढीच नापास झाली असती. लहानपणी पाठ केलेलं जास्त टिकतं हे खरं. लहान मुलांचा गळाही लवचिक असतो, ‘ऐन’ आणि ‘हे’ या अरबी अक्षरांचे मखरज (उच्चाराच्या जागा) त्यांना पटकन साधतात, आम्हाला महिनोन्‌महिने घासावे लागतात. पण अवघड आहे आणि होत नाही, यात फरक आहे. जो अडखळत, कष्टानं कुरआन पढतो त्याला दुप्पट सवाब आहे, ही हदीस (प्रेषितांचं वचन) बुखारी-मुस्लिम या हदीससंग्रहांमध्ये आहे. ती कुणासाठी सांगितली असेल?

मोठ्यांचं गाडं अडतं ते स्मरणशक्तीमुळे कमी आणि हिशोबामुळे जास्त. पंधरा ओळींचा हाफिजी कुरआन घ्या, प्रत्येक पान आयतीवरच (पूर्ण वचनावरच) संपतं. सहाशे पानं धरली तर रोज अर्ध्या पानानं सव्वातीन वर्षं लागतात, रोज तीन ओळींनी आठ वर्षांहून थोडं जास्त. चाळिशीत सुरू केलं तरी पन्नाशीच्या आत पोचाल. पण ही झाली फक्त नव्या पाठाची बेरीज. हिफ्जचे तीन भाग असतात. सबक म्हणजे आजचा नवा पाठ, सबक पारा म्हणजे चालू पाऱ्यातलं (कुरआनचे तीस पारे, म्हणजे भाग असतात) आतापर्यंतचं, आणि आमोख्ता म्हणजे मागचे सगळे पारे आळीपाळीनं. मदरशातला मुलगा फजरपासून, पहाटेच्या नमाजपासून हेच करत असतो. मोठी माणसं उत्साहात सबक पुढे रेटतात आणि आमोख्ता ‘जुम्म्याला बघू’ म्हणून सोडतात. सहाव्या पाऱ्यावर पोचेस्तोवर पहिला पारा गेलेला असतो. मग म्हणायचं, वय झालं.

आमच्या हलक्यात पन्नाशीच्या एक खाला आहेत, सकाळी भाजीचा गाडा लावतात. परवा सूरह मुल्क (सूरह म्हणजे कुरआनचा अध्याय) सुनावत होत्या. शिकवणाऱ्या आपा समोर कुरआन उघडून, पेन्सिल हातात धरून बसलेल्या. खाला अटकल्या तर आपा त्या जागी बारीक टिंब देतात, चुकल्या तर शब्दाखाली रेघ. दुसऱ्या दिवशी खालांनी फक्त टिंबं आणि रेघा असलेल्या जागा वीस-वीस वेळा म्हणून यायचं. महिन्यापूर्वीचं टिंब आता खोडलेलं दिसतं तेव्हा खाला बोट ठेवून ते सगळ्यांना दाखवतात. वयाचा विषय त्या हलक्यात निघत नाही. ‘आज सबक कच्चा है’ एवढंच निघतं.

शाळा-नोकरीचं म्हणाल तर इथे मी जरा रागानं लिहिणार आहे, कारण याचा भोग माझ्या वर्गात येऊन बसतो. ‘शाळा बंद केल्याशिवाय हिफ्ज नाही’ म्हणत आठ-नऊ वर्षांच्या पोराला दूर गुजरातेत नाहीतर उत्तर प्रदेशात पाठवतात. काही मुलं तीन-चार वर्षांत हाफिज (पूर्ण कुरआन पाठ असलेली) होऊन येतात, डोक्यावर दस्तार, म्हणजे मानाची पगडी बांधली जाते, माशाअल्लाह. पण काही दहाव्या-बाराव्या पाऱ्यावर परततात. त्यांना ना पुढचे पारे, ना अपूर्णांकांची बेरीज. वयानुसार सातवीत बसवायचं आणि दुसरीचं पुस्तक हातात द्यायचं, ही कसरत आम्ही शिक्षक करतो. त्यात 2012 च्या दुरुस्तीनं मदरसे आणि वैदिक पाठशाळा या दोन्ही शिक्षणहक्क कायद्याच्या बाहेर ठेवल्या आहेत. म्हणजे पोराच्या शाळेची काळजी कायद्यानं वाहावी अशी सोय तिथे नाही, ती आईबापांनीच वाहायची.

आणि दोन्ही बरोबर होतं हे बघायला लांब जायला नको. उदगीरच्या पलीकडे बीदरला शाहीन शिक्षणसंस्था हाफिज मुलांना शाळेच्या अभ्यासात आणून नीटपर्यंत, डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेपर्यंत नेते. अक्कलकुव्याच्या ज्या जामियात (मोठ्या मदरशात) आपल्याकडची कितीतरी मुलं हिफ्जला जातात, त्याच संस्थेचं मेडिकल कॉलेज जालना जिल्ह्यात बदनापूरजवळ वरुडीला आहे. मेसेज फॉरवर्ड करणाऱ्यांपैकी काहींनी तिथे केसपेपरही काढला असेल.

नोकरीवाल्यांची अडचण वेगळी, वेळेचे तुकडे. माझा आमोख्ता जिंतूरच्या एसटीत होतो. खिडकीची जागा मिळाली तर अर्धा पारा, उभं राहावं लागलं तर पाव.

अर्थानं गोंधळ उडतो, हा मुद्दा मला सगळ्यात उलटा वाटतो. आधी एक कबूल करते: अर्थ न कळता पढण्यालाही सवाब आहे, प्रत्येक हरफाला (अक्षराला) दहा नेक्या, आणि ‘अलिफ लाम मीम’ हा एक नव्हे तर तीन हरफ आहेत, असं तिर्मिजींच्या संग्रहातल्या हदीसमध्ये आहे. तेव्हा माझ्या नानीला एकाही शब्दाचा अर्थ येत नव्हता म्हणून तिची तिलावत (कुरआनपठण) वाया गेली असं कुणी म्हणू नये. पण पाठांतरात अर्थ अडथळा आणतो? हाफिजांना विचारा, त्यांना सगळ्यात जास्त कशाची धास्ती असते. मुतशाबिहातची. म्हणजे जवळजवळ सारख्या आयती, जिथे जीभ एका सूरहमधून घसरून दुसऱ्या सूरहत जाते आणि तरावीहमध्ये, म्हणजे रमजानमधल्या रात्रीच्या नमाजमध्ये, मागून लुकमा (चूक दुरुस्त करणारा शब्द) येतो.

एक जोडी बघा. आठव्या पाऱ्यात, सूरह अनआमच्या 151 व्या आयतीत आहे की गरिबीमुळे आपल्या मुलांना मारू नका, आम्ही तुम्हाला रोजी देतो आणि त्यांनाही. पंधराव्या पाऱ्यात, सूरह बनी इस्राईलच्या 31 व्या आयतीत आहे की गरिबीच्या भीतीनं मुलांना मारू नका, आम्ही त्यांना रोजी देतो आणि तुम्हालाही. अरबीत एकीकडे ‘नर्ज़ुकुकुम व इय्याहुम’, दुसरीकडे ‘नर्ज़ुकुहुम व इय्याकुम’. नुसत्या आवाजावर पाठ करणारा इथे हमखास उलटापालट करतो. आता अर्थ लावा. पहिल्या आयतीत गरिबी घरात येऊन बसली आहे, आईबापच उपाशी आहेत, म्हणून आधी ‘तुम्हाला’. दुसरीत गरिबी अजून यायची आहे, लेकरू आलं तर खाणार काय ही भीती आहे, म्हणून आधी ‘त्यांना’. पीक करपलेलं वर्ष वेगळं आणि जूनमध्ये आभाळाकडे बघत काढलेले दिवस वेगळे, हे मराठवाड्यात कुणाला शिकवावं लागत नाही. एकदा हे ध्यानात आलं की ती जोडी पुन्हा चुकणं कठीण. आमच्याकडे बऱ्याच मुली मराठी माध्यमात शिकलेल्या, उर्दू वाचता येत नाही. त्यांनी खुशाल मराठी अनुवाद शेजारी ठेवावा.

बायकांबद्दल. पहिले खलिफा हजरत अबू बकर (रजि.) यांच्या काळात लिहून एकत्र केलेली कुरआनची पानं हजरत उमर (रजि.) यांच्यानंतर कुणाकडे होती? त्यांची मुलगी, प्रेषितांच्या पत्नी, उम्मुल मोमिनीन हजरत हफ्सा (रजि.) यांच्याकडे. तिसरे खलिफा हजरत उस्मान (रजि.) यांनी प्रती करून घेतल्या त्या त्यांच्याकडून पानं मागवून. यावर आणखी काय लिहायचं?

महिन्यातल्या त्या दिवसांचं कारण पुढे करतात. आपल्या हनफी मसलकात (पंथात) तेव्हा तिलावत नाही, पण ऐकायला मनाई नाही, मनातल्या मनात उजळणी करायला नाही, आणि शिकवणारीला शब्द तोडून-तोडून सांगायची मुभा आहे. खरी अडचण मेसेजमध्ये नाहीच. हाफिज मुलाला दर रमजानला तरावीहमध्ये उभं राहावं लागतं, मागे सामेअ (चुका धरणारा ऐकणारा) कान देऊन असतो, त्या धाकानं तो शाबानपासून, रमजानच्या आधीच्या महिन्यापासून, दौर (पूर्ण उजळणी) करतो. मुलीला दस्तारच्या जागी ओढणी आणि हार मिळतो, त्यानंतर तिचं ऐकायला कुणी नसतं. लग्न होऊन सेलूला नाहीतर मानवतला गेली की सासरी कुणाला ठाऊकही नसतं की सून हाफिजा आहे. घरच्या तरावीहमध्ये तिनं स्वतःची तिलावत करावी, दिवसा कुणीतरी तिचा पारा ऐकावा, एवढी सोय घरानं केली तरी पुष्कळ.

राहिला विसरण्याच्या पापाचा धाक. ज्या हदीसचा आधार देतात ती तिर्मिजींनी नोंदवली आणि स्वतःच ‘गरीब’ (एकाच वाटेनं आलेली) ठरवली, तिच्या सनदीवर, म्हणजे सांगणाऱ्यांच्या साखळीवर, मुहद्दिसांनी (हदीसच्या जाणकारांनी) बोट ठेवलं आहे. भक्कम सनदीची हदीस वेगळं सांगते: कुरआनची उजळणी करत राहा, दावणीच्या उंटापेक्षा तो लवकर निसटतो. म्हणजे निसटणं हा त्याचा स्वभावच आहे, तो गृहीत धरून काम करायचं. आणि बुखारीतली दुसरी एक: रात्री मशिदीत एक माणूस पढत होता, ते ऐकून प्रेषित मुहम्मद (स.) म्हणाले, अल्लाह त्याच्यावर रहम करो, त्यानं मला अमुक आयत आठवून दिली जी माझ्याकडून सुटली होती. बेपर्वाईनं सोडून देणं गुन्हा आहेच. पण ‘विसरशील म्हणून शिकू नकोस’ असं प्रेषितांनी कुणाला सांगितल्याचं हे मेसेजवाले दाखवतील का?

सुरू करायचं असेल तर मदरशातल्या पोरांसारखं तिसाव्या पाऱ्यापासून करा, सूरह नासपासून उलटं वर. त्यात 37 सूरह आहेत, बहुतेक छोट्या, निम्म्या तर नमाजमुळे तोंडात असतातच. फक्त त्याआधी ऐकणारं माणूस ठरवा, आपा असो, शेजारीण असो की तिसरीतला नातू. मोबाईलवरच्या कारींकडून (कुरआन सुरात पढणाऱ्यांकडून) मखरज शिका, पण सबक माणसालाच सुनवा.