बॅटरी कशाने उतरते ते आधी शोधा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमचा राग समजला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: फोनची बॅटरी लवकर उतरते तेव्हा लोकांना उपाय हवा असतो आणि मी तपासण्या सांगत बसतो. तुम्ही रिसेंटमधली (अलीकडे उघडलेल्या ॲप्सच्या यादीतली) सगळी ॲप्स सतत बंद करता, ब्लूटूथ आणि लोकेशन बंद ठेवता, बॅटरी सेव्हर ॲप घेतलंत, शेवटी फॅक्टरी रीसेटही केलंत. तरी दुपारीच चार्जर शोधावा लागतो. म्हणजे फोन जुना झाला, बॅटरी बदलायची आणि विषय संपवायचा.

बॅटरी खरोखर संपत आली असेलही. पण मग दुपारचं गणित जुळायला हवं. समजा फोन पूर्वी सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत चालायचा, म्हणजे १५ तास. बॅटरीची क्षमता ८० टक्क्यांवर आली, तर तेवढ्याच वापरात तो १२ तास चालेल आणि संध्याकाळी सातला मान टाकेल. दुपारी दोनला नाही. आयफोनमध्ये आणि अलीकडच्या काही अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमध्येच बॅटरी हेल्थचा, म्हणजे उरलेल्या क्षमतेचा, आकडा दिसतो. तो ८५-९० असेल, तर नवी बॅटरीही दुपारनंतर फार काळ टिकणार नाही, कारण चार्ज खाणारं जे काही आहे ते फोनमध्ये तसंच राहील. बॅटरी थकल्याची खूण वेगळी असते. २०-३० टक्के दाखवत असताना कॅमेरा उघडला की फोन एकदम बंद पडतो. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, त्यामुळे अचानक जास्त करंट मागितला की व्होल्टेज कोसळतं. तुमच्याकडे असं होत असेल तर मात्र बॅटरी बिनदिक्कत बदला.

आता तुम्ही केलेल्या उपायांबद्दल. रिसेंटमध्ये दिसणारं ॲप चालू असतंच असं नाही. बहुतेक वेळा ते नुसतं मेमरीत पडून असतं, आणि मेमरी भरलेली असो वा रिकामी, तिला लागणारी वीज जवळपास तेवढीच. ते ॲप काढून टाकून थोड्या वेळाने पुन्हा उघडलं, की सगळं नव्याने लोड करायला प्रोसेसरला जादा काम पडतं. अँड्रॉइडमध्ये २०१५ च्या ६.० आवृत्तीपासून डोझ नावाची वीज वाचवणारी सोय आहे. स्क्रीन बंद करून फोन पडून राहिला की ते ॲप्सची मागची कामं अडवून ठेवतं. बॅटरी सेव्हर ॲप याच्या वर काही करत नाही. उलट स्वतः सतत जागं राहतं, जाहिराती आणतं, आणि त्याने बंद केलेली ॲप्स पुन्हा सुरू होत राहतात. ते आजच काढून टाका. ब्लूटूथ नुसतं चालू ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. लोकेशनही सरसकट बंद करायची गरज नाही. कोणत्या ॲपला ‘नेहमी’ परवानगी दिली आहे ते बघा आणि ती ‘ॲप वापरताना’वर आणा. रीसेटचं म्हणाल तर त्यानंतर तुम्ही त्याच बॅकअपमधून तीच ॲप्स परत आणली असतील, तर दुखणंही सोबत आलं.

ज्या तपासणीला तुम्ही वेळखाऊ म्हणता, तिला तुमचा एक मिनिटही जात नाही. रात्री झोपताना चार्जर न लावता टक्के बघा, सकाळी उठल्यावर पुन्हा बघा. चांगल्या स्थितीतला फोन रात्रभरात साधारण दोन ते पाच टक्के उतरतो. पंधरा-वीस उतरले, तर काहीतरी जागं राहतंय. दुसऱ्या रात्री एअरप्लेन मोडवर ठेवा, वायफायही बंद करा. आता उतरणं थांबलं, तर कारण नेटवर्क किंवा सिंकमध्ये (ॲप्स इंटरनेटवरून आपला डेटा ताजा करतात त्यात) आहे. पासवर्ड बदलल्यामुळे अडकलेलं आणि पुन्हा पुन्हा जोडायचा प्रयत्न करणारं ईमेल खातं हे त्यातलं नेहमीचं उदाहरण. एअरप्लेन मोडवरही उतरलं, तर अँड्रॉइडच्या सेफ मोडमध्ये (यात तुम्ही टाकलेली ॲप्स चालत नाहीत) एक रात्र काढा. तिथे फोन शांत राहिला, तर दोष तुम्ही टाकलेल्या एखाद्या ॲपचा.

ते ॲप शोधताना बॅटरी युसेजच्या यादीतल्या टक्क्यांवर अडकू नका. खूप वापरलेलं ॲप वर असणारच. बॅकग्राउंडमध्ये किती वेळ, तो आकडा बघा. दहा मिनिटं उघडलेलं ॲप मागे सहा तास चालत असेल, तर सापडलं.

आणि रात्र शांत जाऊन दिवसाच उतरत असेल, तर स्क्रीनचा ब्राइटनेस आणि रेंज तपासा. रेंजकडे फार दुर्लक्ष होतं. टॉवर लांब असेल किंवा तुम्ही तळघरात बसत असाल, तर फोन जास्त ताकदीने सिग्नल पाठवतो आणि नेटवर्क शोधत राहतो. एक दांडी, मग शून्य, मग पुन्हा एक, असं चालू असेल तर वायफाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी वायफायवरून कॉल करण्याची सोय, सुरू करा. ५जी सारखं येत-जात असेल, तर फोन ४जीवर ठेवा.

रात्रीचे दोन्ही आकडे आणि बॅकग्राउंडमध्ये सर्वांत जास्त चालणाऱ्या तीन ॲप्सची नावं कळवा. त्यावरून तुमच्याच फोनबद्दल नेमकं बोलता येईल. मात्र मागचं झाकण फुगलेलं किंवा स्क्रीन एका कडेने वर आलेली दिसली, तर यातली एकही तपासणी करू नका. तो फोन चार्जिंगला लावू नका, दाबू नका, बंद करून दुरुस्तीला न्या.