राजधानीत तंबू ठोकायचाय? आधी मागणी ठरवा

तुम्ही सोलापूरचे असाल, घरात चौदा माणसं असतील आणि सगळ्यांना दिल्ली दाखवायची असेल, तर हॉटेलाच्या भानगडीत अजिबात पडू नका. हॉटेलात पैसे जातात. तंबू घ्या. ऑनलाइन मिळतो, तीन दिवसांत घरपोच येतो. पिशवीवर 'चार माणसांसाठी' असं छापलेलं असतं. ही चार माणसं कुठल्या देशातली ते कळत नाही, पण तिथे ज्वारीची भाकरी मिळत नसावी.

नातेवाइकांपैकी कुणी हसलं तर इतिहास काढायचा. आमच्याकडे हे खातं अण्णांकडे, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांकडे आहे. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेत, पण तास संपल्याचं त्यांना अजून कुणी कळवलेलं नाही. त्यांचं म्हणणं असं की दिल्लीत तंबू ठोकणं ही आपली जुनी वहिवाट आहे. 1737 मध्ये थोरल्या बाजीरावांनी थेट बादशहाच्या दाराशी तळ दिला होता, तो काय कुठल्या ॲपवरून बुकिंग करून? आणि दिल्ली राजधानी झाली तीच मुळी तंबूंच्या गावात. 12 डिसेंबर 1911 ला पंचम जॉर्जने दरबार भरवला, दूरवर राहुट्या आणि शामियाने उभे केले आणि राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवत असल्याचं तिथेच जाहीर करून टाकलं. म्हणजे आधी तंबू, मग राजधानी. अण्णांनी हे 'दिल्ली दरबार' नावाच्या आमच्या ग्रुपवर टाकलं तेव्हा त्याला सतरा अंगठे आले. माणसं चौदाच आहेत. वरचे तीन कुठून आले हे शोधण्यात पहिला आठवडा गेला.

मग तारीख. रेल्वेचं आरक्षण पूर्वी 120 दिवस आधी उघडायचं, 1 नोव्हेंबर 2024 पासून ते 60 दिवसांवर आणलंय. आपल्यावर हे उपकारच झाले. पूर्वी चार महिने आधी तारीख ठरवून चार महिने बदलत बसावं लागायचं, आता तेच काम दोन महिन्यांत उरकतं. मे महिना नको, दिल्लीचा पारा 45 ला जातो. (दाजी म्हणाले, "43 नि 45 मध्ये काय फरक हाय ओ?" दाजी सोलापुरी आहेत, त्यांना खरंच दिसत नाही.) जानेवारीत गड्ड्याची यात्रा. नंदीध्वज निघालेले असताना सोलापूर सोडून लाल किल्ला बघायला जाणाऱ्याला परत आल्यावर गल्लीत तोंड दाखवता येत नाही. मार्चात परीक्षा. राहता राहिला डिसेंबर. तेव्हा दिल्लीत धुकं असतं आणि आपण कितीही पैसे भरले तरी काही दिसत नाही. तोच ठरवायचा.

तारखेत आणखी एक मेख असते ती बाहेरगावच्या लोकांना समजावून सांगता येत नाही. पाण्याचा दिवस. आपल्याकडे नळ चार-पाच दिवसांनी येतो. तोही कधी दुपारी, कधी रात्री अडीचला. पाच दिवसांची सहल म्हटली की त्यात एक पाण्याचा दिवस येणारच, तेव्हा चौदातला एक जण घरी ठेवावा लागतो. चिठ्ठ्या टाका. आमच्याकडे चिठ्ठी दाजींच्या नावाची निघाली. तंबूचे पैसे दाजींनी भरले होते.

निघण्याआधी रंगीत तालीम मात्र चुकवू नका. आम्ही ती मार्डीकडच्या शेतात हुरड्याच्या निमित्ताने केली. तंबूबरोबर आलेल्या कागदावर शब्द नव्हते, नुसती चित्रं होती. त्यात एक बाई आणि एक पुरुष हसत हसत काठ्या जोडत होते. आमच्यात हसत होतं ते फक्त शेतावरचं पोरगं. पहिली खुंटी ठोकली ती काळ्या रानातल्या भेगेत गेली ती गेलीच, कोपरापर्यंत हात घातला तरी लागेना. शेवटी चार कोपऱ्यांना चार पोती ठेवून तंबू उभा केला. आत पहिल्यांदा शिरली आत्या. तिने सगळीकडे हात फिरवून पाहिला आणि विचारलं, "ह्यात देव कुठं ठेवायचे?"

सामानाच्या बाबतीत काटकसर करू नका. 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंची फौज उत्तरेत गेली तेव्हा बरोबर बायकामुलं होती, बाजारबुणगे होते आणि 'एवीतेवी फौज चाललीच आहे तर मथुरा-कुरुक्षेत्र होईल' म्हणून निघालेले यात्रेकरूही होते. लढणाऱ्यांपेक्षा जेवणारेच फार झाले. पुढे पानिपतावर दाणापाण्यावाचून काय हाल झाले ते आपण शाळेत शिकलो. त्यातून आपण घ्यायचा बोध एकच, की डबा जास्त न्यायचा. आमच्या आत्याने दोनशे कडक भाकरी, शेंगाचटणीचा पाच किलोचा डबा, धपाटी, शेंगापोळ्या आणि भाकरी गरम करायला एक छोटी गॅसची शेगडी बांधून घेतली. गाडीत गॅस किंवा रॉकेल नेणं हा रेल्वे कायद्याच्या कलम 164 खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तीन वर्सं? मग भाकरी पुरायच्या नाहीत." शेगडी मी परस्पर शेजारी लपवून आलो. ही गोष्ट तिला अजून माहीत नाही, तुम्हीही बोलू नका.

चादरींचं निराळं सांगायला नको. सहा चादरी पांघरायला, चार तिकडे कुणी भेटलं तर द्यायला. कुणी भेटणार नव्हतं. आपली चादर सुती, घट्ट विणीची, आपल्या थंडीला पुरून उरते. दिल्लीची डिसेंबरची थंडी पाच-सहा अंशांवर आली की सोलापूरकर माणूस एकीवर एक तीन चादरी घेऊन बसतो आणि तरीही 'आपल्या चादरीत ऊब आहे' म्हणत राहतो. दात वाजत असल्यामुळे ते चार तुकड्यांत ऐकू येतं.

कर्नाटक एक्सप्रेस बेंगळुरूहून रात्रभर चालून सकाळी आपल्याकडे येते. त्यामुळे आपल्या बर्थवर कुणीतरी झोपलेलं असतं, त्याला उठवताना कानडी येत असेल तर बरं. पुढे दौंड, मनमाड, भुसावळ, भोपाळ, झाशी. रविवारी निघा, म्हणजे सोमवारी पोहोचाल. सोमवारी लाल किल्ला बंद, लोटस टेंपल बंद, अक्षरधाम बंद, राष्ट्रीय संग्रहालयही बंद. एवढं सगळं एका दिवसात न बघण्याची सोय दुसऱ्या कुठल्या वारी मिळत नाही.

सोमवारी उघडं असतं ते इंडिया गेट, कारण त्याला दारच नाही. आम्ही पाच तास उशिरा उतरलो, सामानासकट तिथे गेलो आणि हिरवळ बघून अण्णांच्या अंगात बाजीराव आले. पिशवीची चेन उघडून त्यांनी काठ्या बाहेर काढायला सुरुवात केली. दुसरी काठी पहिलीत जायच्या आत पोलीस हजर.

"धरना है?"

"नहीं नहीं, फॅमिली है," अण्णा म्हणाले.

पोलिसाने तेरा माणसं मोजली, गाठोडी मोजली, चटणीच्या डब्यावर काठी टकटक केली. "मांग क्या है?"

इथे अण्णांनी 'काही नाही' म्हणायला हवं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच राजधानीत, वर्दीतल्या माणसाने, आपणहून विचारलं होतं. त्यांनी काठी खाली ठेवली, टोपी नीट केली आणि म्हणाले, "पानी. रोज आना चाहिए."

"कहाँ से आये हो?"

"सोलापूर."

"चादरवाला सोलापूर?" पोलिसाचा आवाज जरा उतरला. "चाचा, ये सब लिख के देना पड़ता है. जंतरमंतर जाओ."

आणि अण्णा खरंच कागद मागायला लागले. दाजी नाहीत म्हणून बरं, ते बरोबर असते तर त्यांनी घोषणाही दिल्या असत्या.

तर तंबू घेऊन दिल्लीत जायचं असेल तर आधी मागणी ठरवा. नुसतं फिरायला आलेल्या माणसाला तिथे तंबूची जागा मिळत नाही, काहीतरी मागत असाल तर विचार होतो. सिंघू, टिकरी, गाझीपूरच्या सीमेवर शेतकऱ्यांनी 2020 च्या नोव्हेंबरपासून वर्षभराहून जास्त तळ दिला. ट्रॉल्यांत अंथरुणं, रस्त्यावर चुली, दोन्ही ऋतूंचे हाल. तसा मुक्काम करायला तीन कायदे अंगावर यावे लागतात. जंतरमंतर सवाई जयसिंगाने ग्रहताऱ्यांच्या हालचाली मोजायला बांधलं, हल्ली लोक त्याच्या बाजूच्या रस्त्यावर बसून आपल्या अर्जाची काही हालचाल होते का ते बघतात. अण्णांचा पुढचा मुद्दा असा होता की सुशीलकुमार शिंदे 2012 ते 2014 गृहमंत्री असताना दिल्लीचे पोलीस आपल्या सोलापूरच्या माणसाच्या हाताखाली होते, तेव्हाच यायला हवं होतं. ही एक चूक मात्र कुठल्याच नियोजनाने दुरुस्त होत नाही.

त्या रात्री पहाडगंजात तीन खोल्या घेतल्या. भाड्याचा आकडा घरी सांगितलेला नाही.

मंगळवारी लाल किल्ला. इथे एक काळजी घ्या. दिवाण-ए-खासमध्ये गाइड वर बोट दाखवून सांगतो की इथलं चांदीचं छत 1760 मध्ये मराठ्यांनी उतरवून वितळवलं. त्या वेळी वर बघत राहायचं आणि चुकूनही मराठीत बोलायचं नाही. आमचं धाकटं पोरगं नेमकं तेव्हाच मोठ्याने म्हणालं, "आपण नेलं?" कुतुबमिनार धुक्यात अर्धा दिसला, तिकीट पूर्ण घेतलं. कर्तव्यपथावर चालून पाय दुखले. एवढंच.

खरेदी राखून ठेवा ती शेवटच्या संध्याकाळसाठी. थंडी न सोसून आत्याने रस्त्यावरच्या दुकानातून एक जाड चादर घेतली. दुकानदार म्हणाला, असली सोलापुरी, दोन पीस लेके जाओ. आत्याने घासाघीस करून दोन घेतल्या. गाडीत उजेडात घडी मोडली तेव्हा कोपऱ्यातल्या चिठ्ठीवर पानिपत लिहिलेलं निघालं. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं आणि इटारसीपर्यंत ते कुणाशी बोलले नाहीत. आत्या मात्र तीच पांघरून झोपली, आणि मला सांगायला जड जातं, पण तिला ऊब लागत होती.

परतल्यावर हिशेब द्यावा लागतो. तो पानिपताच्या पत्राच्या चालीवर द्या, म्हणजे फोड कुणी विचारत नाही. दोन चपला गळाल्या, सात डबे हरवले, खुर्दा किती गेला याची गणती नाही. दीडशे भाकरी जशाच्या तशा परत आल्या.

तंबू विकायला काढू नका, निम्म्याने जातो. गच्चीवर उभारा. मच्छर आत येत नाहीत आणि उन्हाळ्यात वारा लागतो. सध्या त्यात दाजी झोपतात. त्यांनीच पैसे भरले होते, त्यामुळे हक्कही त्यांचाच, असं आम्ही एकमताने ठरवलं. आणि मोटरीचं बटण तिथून चार पावलांवर आहे. परवा रात्री अडीचला नळाला वारा सुटल्याचा आवाज आला, तेव्हा खाली कुणाला उठावंच लागलं नाही. वर चेन सरकल्याचा आवाज झाला, मग मोटर सुरू झाली.