टॅबेबुयाचे कान

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकच मेसेज चार जणांनी टाकला. म्हणे, रस्त्याकडेची ती गुलाबी फुलांची परदेशी झाडं शोभेची नाहीतच. एका गुप्तहेर संस्थेनं ती इथे आणून लावलीत. पानं आपलं बोलणं टिपतात, खोडातली चिप ते बाहेर पाठवते, तेव्हा आजच तोडून टाका. सोबत फोटो. आमच्या गेटपाशीही तेच झाड आहे, टॅबेबुया. झालं!

आधी फोटो. खोडाला बोल्ट आहेत आणि शेंड्याशी फांद्यांआड लांबट पांढऱ्या पेट्या. हा झाडाच्या वेषातला मोबाइल टॉवर. अमेरिकेत आणि दक्षिण आफ्रिकेत १९९०च्या दशकापासून असे पाइन, पाम उभे आहेत. लोकांना रेंज हवी असते, टॉवर दिसायला नको असतो.

‘पानं बोलणं टिपतात.’ ही थाप शून्यातून आलेली नाही. २०१४ साली एमआयटी या अमेरिकेतल्या तंत्रज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी आवाजामुळे वस्तूला सुटणारी सूक्ष्म थरथर व्हिडिओत पकडून त्यावरून आवाज पुन्हा उभा केला. वेफर्सच्या पाकिटावरून केला, झाडाच्या पानांवरूनही केला. पण टिपत होता कॅमेरा, सेकंदाला हजारो फ्रेम घेणारा, त्या पानावर रोखलेला. पान फक्त हललं. आमच्या गेटावर ते रिक्षांच्या हॉर्ननं हलतं, वाऱ्यानं हलतं, कावळा बसला तरी हलतं. त्यातून पार्किंगची भांडणं वेगळी काढणाऱ्या हेराला माझा नमस्कार.

‘अमेरिकेनं हेर-झाडं बनवलीत.’ एमआयटीनंच २०१६ मध्ये पालकाच्या पानांत कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, घालून, मुळांवाटे येणारी स्फोटकांतली रसायनं ओळखून दाखवली. हे फार तर वास घेणं झालं. आणि तो पालक होता.

‘सीआयएनं रशियात हेच केलं.’ इथे मेसेज सत्याच्या सगळ्यात जवळ येतो आणि नेमका तिथेच फसतो. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सीआयएनं मॉस्कोजवळच्या रानात सौरऊर्जेवर चालणारं एक यंत्र ठेवलं होतं. ते रडार आणि दळणवळणाचे सिग्नल पकडायचं. पण दिसायला तो झाडाचा तुटका बुंधा होता, बनावट. पहिल्या महायुद्धातही तेच. आघाडीवरचं तोफगोळ्यांनी जळालेलं झाड हेरायचं, त्याची हुबेहूब पोलादी नक्कल करायची, रात्री तोफांच्या आवाजाआड खरं काढून ती उभी करायची आणि आत निरीक्षक चढवायचा. ब्रिटिशांची अशी झाडं सॉलोमन जे. सॉलोमन या चित्रकाराच्या देखरेखीखाली १९१६ मध्ये उभी राहिली. दोन्हीकडे सोंग घेतलं ते मेलेल्या झाडाचं. जिवंत झाड दरवर्षी जाड होतं, पानं गाळतं, वायर गिळतं. यंत्र लपवायला याहून गैरसोयीची जागा शोधून सापडणार नाही.

आणि ‘तोडून टाका’ हे फुकटचं नाही. महाराष्ट्रात शहरातलं झाड तोडायला १९७५च्या कायद्यानुसार परवानगी लागते, मग ते स्वतःच्या आवारातलं का असेना.

राहिली चिप. ग्रुपवर तिचाही फोटो आला: आमच्याच टॅबेबुयाच्या सालीतून डोकावणारी हिरवी वायर. माळीकाकांनी ती ओढली, तर हातभर तुटून आली, टोकाला एक फुटका लाल दिवा. मागच्या कुठल्यातरी दिवाळीची माळ. ती कुणी गुंडाळली आणि कुणी काढायची विसरली, यावर ग्रुप तेव्हापासून गप्प आहे.