सहीच्या शाईतला अस्सलपणा

जलरंगातल्या निसर्गचित्रांचं प्रदर्शन हातोहात विकलं गेलं की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, लोकांना कळणारं चित्र काढलं म्हणून यांच्या पोटात दुखतंय. दुसरा म्हणतो, ओला रस्ता, त्यात दिव्यांची प्रतिबिंबं, कोपऱ्यात छत्रीवाला, हा निव्वळ ठोकळा आहे, तोच साचा पुन्हा पुन्हा, कला कसली! १९४७ साली मुंबईत आधुनिक वळणाच्या चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला तेव्हाही भांडण साधारण याच जातीचं होतं. (त्याच ग्रुपमधले चित्रकार एस. एच. रझा १९४०च्या दशकात मुंबईच्या रस्त्यांची जलरंगचित्रं करत होते, याची आठवण सहसा कुणी काढत नाही.) अमेरिकेत बसून हे ऐकताना मला राहून राहून वाटतं, दोन्ही तट चित्र विकलं की नाही यावरच अडून बसलेत. त्यात नेमकं काय विकलं गेलं, हे कुणी विचारत नाही.

इथे तो प्रश्न टाळता येत नाही, कारण थॉमस किंकेड. २०१२ साली वारलेला हा कॅलिफोर्नियाचा चित्रकार. धुक्यातली कॉटेजं, दगडी पूल, आणि आत वणवा पेटलाय की काय असं वाटावं इतक्या उजळलेल्या खिडक्या. ‘प्रकाशाचा चित्रकार’ ही बिरुदावली त्याने चक्क ट्रेडमार्क म्हणून नोंदवली होती. त्याची कंपनी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात होती, आणि अमेरिकेतल्या दर वीस घरांपैकी एका घरात त्याचं चित्र आहे असा दावा केला जाई. २००१ मध्ये तर त्याच्या चित्रांसारखी दिसावीत म्हणून बांधलेल्या घरांची एक वसाहतही विक्रीला आली.

पण मला सगळ्यात बोलका वाटतो तो प्रतींचा व्यवहार. चित्र छापायचं, कॅनव्हासवर चढवायचं, मग शिकवून तयार केलेल्या कारागिरांनी त्यावर ठिकठिकाणी खऱ्या रंगाचे ठिपके द्यायचे. जितका हात जास्त, तितकी किंमत जास्त. काही प्रतींवरच्या सहीच्या शाईत तर चित्रकाराचा डीएनए मिसळलेला असे. म्हणजे हा माणूस लोकांना खोटं चित्र विकत नव्हता. तो अस्सलपणाच पायरीपायरीने, दर लावून विकत होता. त्याला नुसतं ‘बाजारू’ म्हणून मोकळं होणाऱ्यांच्या हातून हीच गोष्ट निसटते.

त्याच्याशेजारी टीव्हीवर चित्रं काढायला शिकवणाऱ्या बॉब रॉसला उभं करून बघा. १९८३ ते १९९४ एवढ्या काळात त्याचा सार्वजनिक टीव्हीवरचा कार्यक्रम चालला, चारशेच्या वर भाग झाले. तीच सूचिपर्णी झाडं, तेच बर्फाचे डोंगर, बहुतेक मनातूनच काढलेले. एकेका भागासाठी तो एकाच चित्राच्या तीन आवृत्त्या करी. म्हणजे ठोकळाच म्हणायचा तर हा किंकेडहून कितीतरी उघड ठोकळा. तरी मला त्याचा राग येत नाही. धंदा त्याचाही होता, रंग, ब्रश, पुस्तकं, शिकवण्या. मात्र चित्रं त्याने सहसा विकलीच नाहीत. ‘हे तुम्हालाही जमेल’ एवढंच तो विकायचा, आणि ते बऱ्याच जणांना जमलंही.

आता आपल्याकडे येऊ. आपली सहीची शाई म्हणजे ‘ऑन द स्पॉट’. प्रत्यक्ष जागेवर बसून केलं की चित्र खरं, स्टुडिओत फोटोवरून केलं की नकली. मला हे पटत नाही. इंग्लिश निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबलचं ‘द हे वेन’ १८२१ मध्ये लंडनच्या स्टुडिओत झालं, गावाकडच्या स्केचेसवरून. अमेरिकन चित्रकार फ्रेडरिक चर्चचं ‘हार्ट ऑफ द अँडीज’ तर अनेक जागा जोडून रचलेलं आहे, आणि १८५९ मध्ये न्यूयॉर्ककर पंचवीस सेंटचं तिकीट काढून, दुर्बिणी डोळ्यांना लावून ते बघत होते. याहून धंदेवाईक काय असायचं? तरी त्यातल्या झाडांचं पान न् पान चित्रकाराने निरखून बघितलेलं आहे. उलट जागेवर बसून, भोवती मोबाइल धरलेली गर्दी असताना, तासाभरात हातसफाईने उरकलेली जलरंगचित्रं मी पाहिली आहेत. त्यात समोरचं झाड कुठेच नव्हतं. गेल्या प्रात्यक्षिकातलंच झाड पुन्हा आलेलं होतं.

कोल्हापूरच्या आबालाल रहमानांनी कोटितीर्थ तलावाचं पाणी वेगवेगळ्या प्रहरी पुन्हा पुन्हा रंगवलं. विषय एकच, पण प्रत्येक वेळी पाणी निराळं. ते शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार होते, म्हणजे पोटासाठी कुणाचा आश्रय त्यांनाही चुकला नव्हता. पुनरावृत्ती आणि पैसा दोन्ही इथे आहेत, पण ठोकळा नाही. छत्रीवाल्याच्या दहाव्या चित्रात पावसाबद्दल नवीन काही दिसतंय का, हे प्रदर्शनात उभं राहून कुणालाही तपासता येईल. विक्रीचा आकडा त्यासाठी लागत नाही.

आणि किंकेडला हे कळत नव्हतं असंही नाही. १९८०च्या दशकात तो रॉबर्ट गिरार्ड या टोपणनावाने मोकळ्या, इम्प्रेशनिस्ट वळणाची चित्रं काढत होता. मग ते नाव त्याने सोडलं. स्वतःचं मात्र नोंदवून ठेवलं.