तोफेने वाजवलेले माझे बारा

ज्या राजधानीचे क्षेत्रफळ एक चौरस किलोमीटरही भरत नाही, ती पाहायला तीन दिवस कशाला हवेत, असा प्रश्न माल्टाला निघण्यापूर्वी मी घरात सर्वांसमक्ष विचारला होता. विचारताना माझ्या आवाजात रायगडाच्या सुमारे दीड हजार पायऱ्या एका दमात चढलेल्या माणसाचा तोरा होता. त्या पायऱ्या मी अठ्ठावीस वर्षांपूर्वी चढलो होतो, हे मी सांगितले नाही. गेल्या खेपेस मी रोपवेने वर गेलो होतो, हे मात्र सौभाग्यवतींनी न विचारता सांगितले. आमच्यासोबत माझी आत्या होती. तिचे वय शहात्तर, तिचे सगळे आयुष्य गिरगावातल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर गेलेले, आणि त्या चाळीला लिफ्ट नाही. तिला झेपेल ना, याची काळजी मी विमानतळापर्यंत वाहिली.

व्हॅलेटा हे राजधानीचे शहर प्रथमदर्शनी अत्यंत सभ्यपणे वागते. बसगाड्या जिथे थांबतात तिथे ट्रायटनचे कारंजे आहे, त्यापुढे खोल कोरडा खंदक, त्यावर पूल, आणि पलीकडे रेन्झो पियानो या इटालियन वास्तुशिल्पकाराने बांधलेले नवे प्रवेशद्वार. आत शिरले की रिपब्लिक स्ट्रीट हा सरळ रस्ता पाहुण्याला घोटाभरही न दमवता पुढे नेतो. हा रस्ता डोंगराच्या कण्यावरून जातो आणि शहराचा बाकी सारा संसार त्या कण्याच्या दोन्ही बरगड्यांवर मांडलेला आहे, ही माहिती डावीकडच्या पहिल्याच गल्लीत वळल्यावर माझ्या पोटऱ्यांना मिळाली. गल्ली कुठली, तो दगडी जिनाच होता. दोन्ही बाजूंना हिरव्या-तांबड्या लाकडी बंद सज्जांची घरे, आणि त्यांच्या मधून तो थेट समुद्रापर्यंत उतरत होता.

शहराची आखणी बुद्धिबळाच्या पटासारखी असल्यामुळे इथे वाट चुकत नाही, असे मी मोठ्या समाधानाने वाचले होते. ते खरेच आहे. मात्र द्वीपकल्पाच्या दोन्ही अंगांना पाणी असल्याने आडवा रस्ता कुठलाही धरला तरी तो उतरतो, आणि उतरलेल्या माणसाला जेवायला पुन्हा वर यावे लागते. रस्त्यांच्या पाट्यांवर नावाआधी रोमन अक्षरांत ‘ट्रिक’ असे वाचता येते. माल्टी भाषेचे मूळ अरबी, त्यामुळे हा शब्द म्हणजे अरबीतला ‘तरीक’, अर्थात रस्ता. आत्याने मात्र तो इंग्रजीच समजून वाचला आणि म्हणाली, “प्रामाणिक लोक आहेत हो. आधीच लिहून ठेवलंय.”

या पायऱ्यांमागचा इतिहास मी एका उंबऱ्यावर टेकून वाचला, कारण टेकायला काहीतरी कारण हवे होते. १५६५ मध्ये तुर्कांनी या बेटाला जवळजवळ चार महिने वेढा घातला होता. तो परतवल्यावर सेंट जॉनच्या सरदारांचे, म्हणजे तेव्हा बेटावर राज्य करणाऱ्या लढवय्या ख्रिस्ती संघाचे, प्रमुख ज्याँ द ला व्हॅलेट यांनी २८ मार्च १५६६ रोजी नव्या तटबंद नगराची कोनशिला बसवली. पोपने पाठवलेल्या फ्रान्चेस्को लापारेल्ली या अभियंत्याचा मूळ विचार डोंगराचा माथा छाटून सपाट करण्याचा होता. पण तुर्क पुन्हा येतील ही धास्ती होती, पैसा अपुरा होता आणि वेळ त्याहून अपुरा. आपल्याकडच्या सरकारी भाषेत सांगायचे तर उर्वरित सपाटीकरण निधीअभावी होऊ शकले नाही, आणि त्या अपुऱ्या कामाचा भुर्दंड साडेचारशे वर्षे जनतेच्या गुडघ्यांनी भरला आहे. गंमत अशी की, या शहराला वेढा घालायला तुर्क पुन्हा आलेच नाहीत. १७९८ मध्ये नेपोलियन आला, तेव्हा सरदार मंडळींनी काही दिवसांतच सगळे तट-बुरूज त्याच्या हवाली केले. ज्या शत्रूला दमवायचे तो आलाच नाही, मी आलो.

चिलखत घातलेल्या सरदारांना चढता यावे म्हणून इथल्या पायऱ्या बुटक्या ठेवल्या, असे सांगतात. असेलही, पण पायरी बुटकी आणि रुंद असली की एका पावलात ती ओलांडता येत नाही आणि दोन पावले टाकावीत तर दुसरे अर्धेच पडते, त्यामुळे माणूस लंगडी घालत असल्यासारखा दिसतो. इंग्रज कवी बायरन पायाने खरोखरच अधू होता. त्याने १८११ मध्ये हे बेट सोडताना पद्य रचून या पायऱ्यांच्या रस्त्यांना शिव्याशाप दिले होते, हे कळल्यावर इंग्रजी काव्याविषयी प्रथमच मला आतून काही वाटले. दरम्यान आत्या नऊवारी आणि पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत वरच्या वळणावर उभी राहून, “अरे बाळ्या, तिसरा मजला समज आणि ये,” असे ओरडत होती. असे तीन मजले मी तोवर चार वेळा चढलो होतो.

सेंट जॉनच्या कॅथीड्रलमध्ये थोडे बसायला मिळेल, या आशेने मी सर्वांत आधी आत शिरलो. बाहेरून हे देऊळ एखाद्या कोठारासारखे करडे आणि आत पाहावे तिकडे सोने! जमीन तर सरदारांच्या सुमारे चारशे थडग्यांनी मढवलेली आहे. रंगीत संगमरवरात सांगाडे, कवट्या आणि ढाली जडवलेल्या आहेत, आणि त्या संगमरवराला टोचे पडू नयेत म्हणून टोकदार टाचांच्या पादत्राणांना आत मज्जाव आहे. कॅनव्हासच्या बुटांना नाही. परंतु मेलेल्या माणसाच्या अंगावर पाय देणे आत्याच्या तत्त्वात बसेना. पहिल्या थडग्याला पाय लागताच ती वाकली, फरशीला हात लावून तो कपाळाला लावला आणि पुढे सरकली. पुढे अर्थातच दुसरे थडगे होते. “आत्या, तुम्ही सगळ्यांना मिळून एकच नमस्कार करा ना,” असे सौभाग्यवतींनी सुचवून पाहिले. त्यावर, “प्रत्येकाचं नाव वेगळं कोरलंय, मग नमस्कार एकच कसा?” असे उत्तर आले. पाठीमागे खोळंबलेल्या जर्मन पर्यटकांपैकी दोघे-तिघे, इथली रीतच अशी असावी असे समजून वाकू लागले.

आतल्या दालनात काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराने १६०८ मध्ये रंगवलेले संत जॉनच्या शिरच्छेदाचे प्रचंड चित्र आहे. त्याने सही केलेले हे एकमेव चित्र, आणि सहीदेखील संताच्या सांडलेल्या रक्तात केलेली. त्याच वर्षी त्याला सरदारकी मिळाली, तुरुंगवास घडला, तो तुरुंगातून पळाला आणि याच दालनात सभा भरवून त्याची सरदारकी काढून घेण्यात आली. चित्र थरारून सोडणारे आहे. माझ्या मनात मात्र आधी हा विचार आला की, या बेटावरून पळून जायचे म्हणजे त्याला किती पायऱ्या पडल्या असतील!

अखेरीस आम्ही अप्पर बराक्का बागेत पोहोचलो. खाली ग्रँड हार्बर, समोर सेंट अँजेलोचा किल्ला, हातात पास्तित्सी. ती पापुद्र्यांची असते आणि आत वाटाण्याचे सारण; आत्याच्या मते ती तिखट-मीठ विसरलेली करंजी होती. मी कठड्याला टेकून डोळे मिटले. खालच्या सज्जावर तोफा मांडलेल्या आहेत आणि त्यांतली एक रोज दुपारी बारा वाजता उडवतात, हे मला कोणी सांगितले नव्हते. त्या आवाजाने माझी पास्तित्सी कठड्यावरून थेट खंदकाच्या दिशेने गेली. आत्याने घड्याळाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाली, “बरोबर. बारा वाजले.”

तिसऱ्या दिवशी, परतायच्या आधी, मला त्याच बागेच्या कोपऱ्यात लिफ्ट सापडली. अठ्ठावन्न मीटर उंचीची ही लिफ्ट २०१२ पासून बंदर आणि बाग यांच्यामध्ये ये-जा करते आहे. तीन दिवस कोणाला रस्ता विचारायचा नाही, या माझ्या बाण्यामुळेच ती आजवर आमच्यापासून लपली होती. पलीकडच्या जुन्या गावांकडे जाणारी होडी पकडायला खाली उतरायचे होते आणि मी जवळजवळ धावतच आत शिरलो. आत्याने मात्र बाहेरची पाटी संपूर्ण वाचली.

“उतरायला फुकट आणि चढायला तेवढे पैसे,” ती आत येऊन म्हणाली. “मग ठरलं तर. आता जाऊ लिफ्टने, येताना येऊ चालत.”