‘लढाऊ विमानं कुठल्याही हवेत उडतात’ : या मेसेजमधलं काय खरं?

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय. त्याचं म्हणणं असं: लढाऊ विमानं कुठल्याही हवेत उडतात, लष्करी धावपट्टी लांब असते, त्यामुळे पावसाची फिकीर नसते, तिथली सगळी माहिती गुप्त असते, आणि निरभ्र आकाश असूनही तळ शांत असला, तर काहीतरी लपवलं जातंय हे ओळखावं. या शेवटच्या वाक्याने तळाजवळ राहणारी माणसं उगाच धास्तावतात. म्हणून एकेक मुद्दा तपासून पाहू.

‘कुठल्याही हवेत’ हे तर साफ चूक. हवा कशी आहे हे एका शब्दात कळावं म्हणून ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्सच्या तळांवर चक्क रंग ठरलेले आहेत. ढगांचा तळ २,५०० फूट किंवा वर आणि दृश्यमानता ८ किलोमीटर किंवा जास्त असेल तर निळा. पुढे पांढरा, हिरवा, पिवळा, अंबर (पिवळसर नारिंगी) असं उतरत जातं. ढग २०० फुटांच्या खाली आले किंवा ८०० मीटरपलीकडचं दिसेनासं झालं की लाल. लढाऊ विमानात इंधन बेताचंच असतं, घिरट्या घालत धुकं विरायची वाट पाहता येत नाही. त्यामुळे उड्डाणाआधी आपल्या तळाइतकाच पर्यायी तळाचा रंगही पाहावा लागतो.

आता निरभ्र आकाश. धावपट्टीवर २७ लिहिलेलं असतं, म्हणजे ती साधारण २७० अंशांच्या चुंबकीय दिशेला जाते. समजा वारा ३३० अंशांवरून ३० नॉटने, म्हणजे ताशी साधारण ५५ किलोमीटरने वाहतोय. कोन ६० अंशांचा, म्हणजे विमानाला बाजूने जवळपास २६ नॉटचा रेटा बसतो. आकाशात ढगाचा ठिपका नसला तरी एवढ्या क्रॉसविंडमध्ये, म्हणजे आडव्या वाऱ्यात, नवख्या वैमानिकाला कुणी सोडणार नाही. पक्ष्यांचं तर विचारूच नका. २२ सप्टेंबर १९९५ रोजी अलास्कातल्या एल्मेंडॉर्फ हवाई तळावरून उडालेल्या अवॅक्स या हवाई टेहळणीच्या विमानाच्या इंजिनांत हंस शिरले आणि विमानातले सगळे २४ जण गेले. अमेरिकी हवाई दल पक्ष्यांचा धोका कमी, मध्यम, तीव्र असा रोज जाहीर करतं ते यासाठीच.

वरच्या रंगांत एक काळाही आहे. हवा कशीही असो, दुसऱ्या कारणाने धावपट्टी वापरता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पट्टीवर सुटा खडा सापडला, विमान अडवणाऱ्या केबलचं काम निघालं, तरी उड्डाणं थांबतात. खड्याचं एवढं काय, असं वाटेल. पण इंजिनाने तो ओढून घेतला की आतली पाती जातात. मिग-२९ जमिनीवर असताना त्याच्या हवेच्या मुख्य वाटा झडपांनी बंद होतात आणि हवा वरच्या फटींतून घेतली जाते, ती याच भीतीने.

लांब धावपट्टीचा मुद्दा अर्धाच खरा आहे. पट्टीवर पाणी साचलं की ठरावीक वेगाच्या पुढे चाकं पाण्यावर तरंगतात आणि ब्रेक लागत नाही. हा वेग काढायचं जुनं सूत्र आहे: टायरमधल्या हवेच्या दाबाचं वर्गमूळ गुणिले ९. दाब १९६ पीएसआय (दर चौरस इंचावर १९६ पौंड) असेल तर उत्तर १२६ नॉट. बरीच लढाऊ विमानं याहून जास्त वेगाने टेकतात, म्हणजे ऐन ब्रेकची गरज असते तेव्हाच ब्रेक निकामी. म्हणून पट्टी किती लांब आहे याच्या जोडीला ती किती ओली आहे हेही टॉवर वैमानिकाला सांगतो.

राहिली गुप्तता. कोणतं विमान, किती, कधी, कशासाठी, हे गुप्त असतं आणि असायलाच हवं. पण ज्या लष्करी तळांवर प्रवासी विमानंही उतरतात, तिथल्या पट्टीची दिशा, लांबी, पृष्ठभाग आणि समुद्रसपाटीपासूनची उंची अधिकृत वैमानिक माहितीपत्रात छापलेली असते. हवेचा अहवाल मेटार नावाच्या ठरावीक हवामान संदेशात येतो, पट्टी बंद असल्याची सूचना नोटॅम या वैमानिकांसाठीच्या सूचनापत्रात. परक्या वैमानिकाला ही माहिती नाकारली, तर तो त्या पट्टीवर सुखरूप उतरणार कसा?