सॉकेट सारखं म्हणून आतल्या तारा सारख्या होत नाहीत

‘ओबीडी पोर्ट सगळ्या गाड्यांत सारखाच. ईव्हीसाठी खास केबल ही निव्वळ लूट. कुठलीही सोळा पिनांची केबल लावा, निसान लीफसुद्धा सगळा डेटा देते,’ असा एक मेसेज सध्या फिरतोय. ओबीडी पोर्ट म्हणजे गाडीचा डेटा वाचण्यासाठी डॅशबोर्डखाली दिलेलं सोळा पिनांचं सॉकेट. त्यांनीच नाव काढलंय, तर निसानची ही इलेक्ट्रिक गाडी, लीफच बघू.

‘पोर्ट सारखाच.’ सॉकेट सारखं, हे कबूल. पण नेमून दिलेल्या पिना थोड्याच आहेत: 4 आणि 5 ग्राउंड, 16 वर छोट्या बॅटरीचे 12 व्होल्ट, 6 आणि 14 वर कॅन (गाडीतले कंट्रोलर एकमेकांशी बोलतात ती दोन तारांची जोडी), शिवाय जुन्या प्रोटोकॉलांच्या चार. उरलेल्या सात कंपनीच्या मर्जीवर. पहिल्या लीफमध्ये 6-14 वर कार-कॅन येते आणि 13-12 वर ईव्ही-कॅन. बॅटरी, इन्व्हर्टर आणि चार्जर एकमेकांशी बोलतात ते या दुसऱ्या जोडीवर. सोळाच्या सोळा तारांची सरळ केबल घेतली तरी 13 ची तार 13 लाच जाणार, आणि साधं डोंगल (पोर्टात खोचून मोबाइलला डेटा देणारं छोटं यंत्र) कान लावून बसलेलं असतं 6-14 ला. खास केबल ही जोडी उचलून यंत्राच्या कॅन टोकांवर आणून देते. तिच्यात जादू एवढीच.

‘माझं लीफस्पाय साध्या डोंगलवर चालतं.’ चालणारच! लीफचा डेटा दाखवणारं हे मोबाइल अ‍ॅप प्रश्न विचारतं, आणि गाडीतला कंट्रोलर तो बॅटरीकडे पोचवून उत्तर 6-14 वर आणून देतो. हा मेसेज जन्मला बहुधा याच अनुभवातून. सेलचे व्होल्टेज पाहण्यापुरतं ते पुरेसं आहे, खास केबल घेऊच नका. पण ओव्हीएमएससारखं, गाडीवर दुरून लक्ष ठेवणारं यंत्र बसवून ईव्ही-कॅनवरचं चालू बोलणं ऐकायचं असेल, तर तिथे कोणी विचारून सांगत नाही. त्या तारेवरच बसावं लागतं.

‘चुकलं तर फार तर डेटा दिसणार नाही.’ हे वाक्य मात्र धोक्याचं. 16 नंबरची पिन गाडी बंद असतानाही जिवंत असते, तर कॅनच्या तारा शांत असताना अडीच व्होल्टच्या आसपास. घरी सोल्डर करताना एक तार सरकली की 12 व्होल्ट थेट कॅनवर, आणि त्या जाळ्यावरचं बोलणं ठप्प. दुसरी चूक जास्त लबाड. कॅनच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा रेझिस्टर असतो, म्हणून गाडी बंद करून मल्टिमीटर लावला तर साधारण 60 दिसतात. तुमच्या यंत्रातही 120 चा असेल तर 40 होतात. गाडी कदाचित चालेलही, आणि मग कधीतरी डॅशबोर्डवरचे इशाऱ्याचे दिवे उगाच लावेल. आधी मोजा.

‘त्या ईव्ही-कॅनच्या पिनांत मोठ्या बॅटरीचा करंट असतो.’ नाही. गाडी पळवणाऱ्या मोठ्या (ट्रॅक्शन) बॅटरीच्या जाड केशरी केबली या पोर्टात येत नाहीत.

राहिली लूट. प्लग आणि चार-सहा तारांची वस्तू आहे, हात बसलेला असेल तर घरी करा. 2018 पासूनच्या नव्या लीफमध्ये मात्र पोर्टाच्या आधी गेटवे, म्हणजे आतलं बोलणं अडवणारा पहारेकरी कंट्रोलर, बसलाय, ईव्ही-कॅन बाहेर येतच नाही. तिथे जुन्या लीफची केबल कोणी विकत असेल, तर मेसेजवाल्यांचा ‘लूट’ हा शब्द मीही वापरीन.